शरीर समोर लागतं तिथे आणि लागत नाही तिथे

ऑनलाइन शिक्षण चांगलं की वाईट या वादाचा मला आता खरंच कंटाळा आलाय. कोविडच्या काळात आरोग्यशास्त्राचं शिक्षण कसं बदललं यावर कुठेही चर्चा सुरू झाली की दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते ती बॅच वाया गेली, दुसरी म्हणते आता सगळं डिजिटल करून टाका, आणि दोघांनाही मधल्या तपशिलात रस नसतो. मी क्लिनिकल स्किल्स शिकवते, पीजीच्या मुलांचे थीसिस बघते, आणि त्या दोन वर्षांत मला जे कळलं ते एवढंच की आपण कधी विचारलंच नव्हतं, बाबा रे, या तासाला माणूस प्रत्यक्ष समोर असायलाच हवा का? विद्यार्थी, पेशंट, शिक्षक, यातला कोण नक्की कशासाठी खोलीत लागतो? साथीने तो प्रश्न प्रत्येक तासाला, प्रत्येक परीक्षेला आणि औषधांच्या चाचणीच्या प्रत्येक ट्रायलला विचारायला लावला. उत्तरं मात्र बरीचशी अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली.

थोडं मागे जाऊन. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला पॅन्डेमिक म्हटलं आणि १७ मार्चला असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेसने सांगितलं की विद्यार्थ्यांच्या क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डात पेशंटपाशी शिकायच्या पाळ्या, थांबवा. जगभर कमी-जास्त फरकाने तेच झालं. कारणं साधी होती, पीपीई किट पुरत नव्हते, टेस्ट मिळत नव्हत्या, आणि वॉर्डात जास्तीचा प्रत्येक माणूस म्हणजे विषाणूला जास्तीची एक वाट. शिवाय २००३ च्या सार्सच्या वेळी हाँगकाँगमध्ये वॉर्डात शिकायला गेलेल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांनाच लागण झाली होती, ते लोक विसरले नव्हते.

पण याच्या अगदी उलट गोष्टही इतिहासात आहे. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडलेले पेशंट एकामागोमाग येत होते आणि हॉस्पिटलात आयर्न लंग, म्हणजे पेशंटला आत ठेवून श्वास देणाऱ्या मोठ्या पेट्या, जवळपास नव्हतेच. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेला छेद देऊन हाताने फुगा दाबत श्वास द्यायची पद्धत सुरू केली, आणि तो फुगा दाबायला कोण, तर विद्यार्थी. सुमारे १५०० विद्यार्थी, शिफ्ट लावून, रात्रंदिवस. आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून झाली असं मानतात. २०२० मध्येही इटलीने शेवटची पात्रता परीक्षा माफ करून सुमारे १०,००० नवे डॉक्टर लवकर कामाला मोकळे केले होतेच. म्हणजे एकीकडे विद्यार्थ्याला घरी बसवा आणि दुसरीकडे विद्यार्थ्याला लवकर डॉक्टर करा, दोन्ही एकाच महिन्यात. मला यात विसंगती वाटत नाही. प्रश्न हा की तो तिथे शिकायला उभा आहे की कामाला. मागे उभं राहून बघणारा सहावा विद्यार्थी साथीत धोकाच असतो, फुगा दाबणारा एक विद्यार्थी म्हणजे एक पेशंट जिवंत. आमच्याकडे मात्र पूर्वीपासून सहावा विद्यार्थीच जास्त असतो, पेशंटच्या पायाशी उभा, काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही, पण पोस्टिंग पूर्ण.

लेक्चरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ती ऑनलाइन गेली आणि काहीही बिघडलं नाही, उलट मुलं दीडपट स्पीडने ऐकायला लागली आणि जिथे कळलं नाही तिथे मागे जाऊन परत ऐकायला लागली. मूत्रपिंड लघवी घट्ट कशी करतं तो काउंटरकरंट मेकॅनिझम एका बैठकीत कुणाला कळलाय आजवर? नेटवर्कचा प्रश्न होता, एका फोनवर दोन भावंडं शिकत होती, कॅमेरा बंद ठेवून कोण झोपलंय ते कळत नव्हतं, हे सगळं मान्य. पण ज्या वर्गात दोनशे मुलं बसतात तिथे शेवटच्या बाकावर कोण झोपलंय हे तरी कुठे कळत होतं.

खरी गंमत प्रॅक्टिकलला आली. हृदयाचे आवाज शिकवायचे होते. प्लॅन असा की मी स्टेथोस्कोपच्या नळीत छोटा माइक बसवून व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकवणार, मुलं हेडफोन लावून ऐकणार. सगळी तयारी, सगळे जॉइन, मी छातीवर स्टेथो ठेवला आणि चॅटमध्ये मेसेज सुरू, मॅडम काही ऐकू येत नाहीये, मॅडम तुम्ही म्यूट आहात का. म्यूट नव्हते. माझ्या रेकॉर्डरवर ठोके स्वच्छ येत होते. शेवटी वर्गातल्याच एका मुलाने शोधून काढलं की कॉलचं सॉफ्टवेअर हृदयाचा ठोका आवाज म्हणून धरतच नाही, गोंगाट म्हणून धरतं. या सॉफ्टवेअरना माणसाचं बोलणं तेवढं पुढे पाठवायला शिकवलेलं असतं, पंख्याची घरघर, एसीचा घोंगाट असा मागचा एकसारखा खालच्या पट्टीतला आवाज ती गाळून टाकतात, आणि पहिल्या-दुसऱ्या ठोक्याचा बराचसा जोर २०० हर्ट्झच्या खालीच असतो. म्हणजे लब-डब, लब-डब हा मशीनच्या दृष्टीने पंखाच. सेटिंगमध्ये जाऊन ओरिजिनल साउंड चालू केलं, नॉइज सप्रेशन बंद केलं, मुलांनी फोनचा स्पीकर सोडून चांगले हेडफोन लावले, तेव्हा कुठे ठोके पोचले. मर्मर, म्हणजे हृदयात रक्त खळाळल्याचे आवाज, त्यातल्या त्यात बरे पोचतात कारण बऱ्याच मर्मरची पट्टी वरची असते. थर्ड हार्ट साउंड, म्हणजे दुसऱ्या ठोक्यानंतर कधी कधी येणारा मंद तिसरा आवाज? विसरा. तो प्रत्यक्ष स्टेथोवर, शांत खोलीत, पेशंटला डाव्या कुशीवर वळवून, स्टेथोची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, हलकी टेकवूनसुद्धा निम्म्यांना सापडत नाही.

पण त्या तासाला मुलं फ्रीक्वेन्सीबद्दल जे शिकली ते मी इतकी वर्षं बेल आणि डायफ्राम, म्हणजे स्टेथोची सपाट पडद्याची बाजू, यांतला फरक सांगताना कधी शिकवू शकले नव्हते. बेलने खालच्या पट्टीतले आवाज, डायफ्रामने वरच्या, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. ते का, हे त्यांना सॉफ्टवेअरने ठोका खाऊन टाकल्यावर कळलं.

अॅनाटॉमीवाल्यांचे हाल आमच्यापेक्षा जास्त होते. देहदान स्वीकारणं अनेक ठिकाणी थांबलं, डिसेक्शन हॉल बंद, सगळे थ्रीडी अॅपवर. ही अॅप आता खूप सुंदर झाली आहेत, स्नायू एकेक करून काढा, फिरवा, परत लावा. अमेरिकेतल्या व्हिजिबल ह्यूमन प्रोजेक्टने १९९४ मध्ये एका माणसाच्या देहाच्या एकेक मिलिमीटरच्या चकत्यांचे फोटो दिले तेव्हापासून हे चालू आहे. माझी अडचण एकच, स्क्रीनवरचा देह नेहमी पुस्तकासारखाच असतो. सगळ्या धमन्या जिथल्या तिथे.

त्यावर आमच्या अॅनाटॉमीच्या एका सहकारी मॅडमनी जे केलं ते मला फार आवडलं. स्क्रीनवर हाताच्या पुढच्या भागाचं मॉडेल होतं, त्यात पामारिस लाँगस नावाचा बारीक स्नायू दाखवत होत्या, आणि मध्येच म्हणाल्या, आता आपापला हात कॅमेऱ्यासमोर धरा, अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, वर येतो. बहुतेकांना आला. काहींना आलाच नाही, एकीला उजव्या हाताला आला आणि डाव्याला नाही, ती घाबरली, मॅडम माझ्या हाताला काय झालंय. काही झालेलं नव्हतं, हा स्नायू बऱ्याच लोकांना जन्मापासून नसतोच आणि त्याने पकडीत म्हणावा असा फरक पडत नाही, म्हणून तर सर्जन लोक दुसरीकडचा खराब झालेला टेंडन दुरुस्त करायला तो काढून वापरतात. मॉडेलमध्ये मात्र तो प्रत्येकाला आहे. देहात फरक असतो हे शिकायला देह लागतोच, पण तो देह हॉलमधल्या टेबलावरच असायला हवा असं नाही, चाळीस मुलांच्या घरी ऐंशी मनगटं होती की.

जिथे खरोखर अडलं ते हाताच्या कामाला. पोट तपासताना बोटं किती खोल जातात, लिव्हरची कड श्वासाबरोबर बोटाला कशी येऊन लागते, शीर सापडल्यावर सुई आत जाताना जो बारीकसा पॉप जाणवतो, हे स्क्रीनवर होत नाही आणि होणार नाही, इथे मी एक इंचही मागे हटत नाही. पीपीई घालणं व्हिडिओवर उत्तम शिकवता येतं, काढणं येत नाही. काढताना माणूस स्वतःला कुठे लावून घेतो हे त्याचं त्याला कळत नाही. नंतर प्रत्यक्ष सेशन घेतली तेव्हा ग्लोव्हजना फ्लुरोसंट पावडर लावून मुलांना किट काढायला लावलं आणि अल्ट्राव्हायोलेट दिवा मारला, तर कुणाच्या मानेवर, कुणाच्या कानामागे, एकाच्या चष्म्याच्या दांडीवर चमक. हीच मुलं काढण्याच्या स्टेप ऑनलाइन टेस्टमध्ये क्रमाने बरोबर लिहून आली होती.

आणि एक नवीनच कौशल्य शिकवावं लागलं जे कुठल्याही सिलॅबसमध्ये नीट नव्हतं, फोनवर पेशंट तपासणं. पेशंटला सांगायचं की घोट्याच्या वर हाडावर अंगठा दाबून धरा, आता काढा, खड्डा राहिला का ते कॅमेऱ्याला दाखवा. श्वास मोजायचे तर पेशंटला न सांगता मोजायचे, नाहीतर तो मुद्दाम हळू घेतो. बोलताना वाक्य पूर्ण करता येतंय का की मध्येच दम लागतोय, ते ऐकायचं. याच काळात एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावायची रॉथ स्कोअर नावाची टेस्ट फिरायला लागली, ऑक्सिजन कमी आहे का ते फोनवर कळतं म्हणे. ऑक्सफर्डच्या एव्हिडन्स-बेस्ड मेडिसिन सेंटरने पुरावा तपासून सांगितलं की कोविडच्या पेशंटसाठी ही वापरू नका, तिची अशी पडताळणीच झालेली नाही. मी हे उदाहरण अजून शिकवते. सोपी, फुकट, फोनवर होणारी टेस्ट दिसली की आपण सगळे भुकेल्यासारखे तुटून पडतो.

परीक्षांचं तर विचारूच नका. ऑस्की ही क्लिनिकल कौशल्यांची परीक्षा रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये डंडीहून मांडली, एकेक स्टेशन, ठरलेली वेळ, समोर परीक्षक, चेकलिस्ट. ती ऑनलाइन गेली आणि मुलं बोलायला लागली, मी आता हात धुतो, मी आता पेशंटच्या उजव्या बाजूला उभा राहतो, मी आता पडदा ओढतो. करायचं काहीच नाही, सगळं सांगायचं. जो छान बोलतो तो पास. माझी एक विद्यार्थिनी आहे, हात सोन्यासारखे, तोंडातून शब्द निघत नाही, तिला त्या परीक्षेत जेमतेम मार्क मिळाले. दुसरीकडे संवादाची स्टेशन, म्हणजे वाईट बातमी सांगणं, हिस्टरी घेणं, संमती घेणं, ही व्हिडिओवर जवळपास तशीच चालली. अमेरिकेत तर यूएसएमएलई या डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेतली स्टेप टू सीएस ही प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा, जिच्यासाठी पाच ठरलेल्या शहरांपैकी एकात जावं लागायचं, ती मार्च २०२० मध्ये स्थगित केली आणि जानेवारी २०२१ मध्ये कायमचीच बंद करून टाकली. ज्या परीक्षेवाचून माणूस डॉक्टर होऊच शकत नाही असं सांगत होते ती गेली ती गेलीच. मला ती बंद झाल्याचं दुःख नाही पण तिच्या जागी हाताचं कौशल्य नक्की कुठे तपासणार याचं उत्तर मला अजून कुणी पटेल असं दिलेलं नाही.

आता रिसर्च. लॅब बंद करायला सांगितल्यावर काय होतं ते बाहेरच्यांना माहीत नसतं. सेल लाइन, म्हणजे प्रयोगासाठी वाढवलेल्या पेशी, लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवता येतात, ठीक. उंदीर गोठवता येत नाहीत. खास जनुकं बदललेल्या उंदरांच्या पिढ्या वर्षानुवर्षं वाढवलेल्या असतात, त्यांना रोज माणूस लागतो, आणि माणूसच येऊ शकत नसेल तर वसाहत लहान करावी लागते, म्हणजे मारावे लागतात. जगभरच्या लॅबनी ते केलं, जमेल तिथे शुक्राणू आणि भ्रूण गोठवून ठेवले म्हणजे पुढे तो वंश परत उभा करता यावा. पीसीआर मशीन कोविडच्या टेस्टिंगला गेली, आरएनए काढायची किट मिळेनात. पीजीच्या मुलांचे थीसिस तर अर्ध्यावर लटकले कारण ओपीडीच नाही तर सॅम्पल कुठून आणायचं.

मग सगळे गूगल फॉर्मवर गेले. ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण, या तीन शब्दांचे सर्व्हे एवढे आले एवढे आले की एका आठवड्यात मला स्वतःला तेच प्रश्न वेगवेगळ्या कॉलेजांकडून यायचे. फॉर्म व्हॉट्सअॅपवर फिरणार, भरणार कोण तर गाइडचे मित्र आणि विद्यार्थ्यांचे वर्गमित्र, आणि निष्कर्ष काय तर जनतेत मास्कबद्दल चांगली जागरूकता आहे. मुलांना दोष देत नाही, त्यांना डिग्री पूर्ण करायची होती. पण तेव्हा थीसिसचा प्रोटोकॉल, म्हणजे आराखडा, बदलायला परवानगी देताना जर कुणी म्हटलं असतं की हॉस्पिटलात आधीच पडलेली माहिती नीट विचारून बघ, तर किती बरं झालं असतं. पल्स ऑक्सिमीटरचंच बघा. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी छापलं की बोटाला लावलेलं मशीन ऑक्सिजन ठीक दाखवतंय पण रक्ताच्या तपासणीत तो खरोखर कमी आहे, असं काळ्या पेशंटमध्ये गोऱ्यांपेक्षा जवळपास तिप्पट वेळा होतंय. यासाठी एकही नवा पेशंट बोलवावा लागला नव्हता. दोन्ही आकडे रेकॉर्डमध्ये आधीच शेजारी शेजारी पडलेले होते, कुणीतरी ते जोडून बघायचे होते.

अर्थात रेकॉर्डवरच्या माहितीचं दुसरं टोकही त्याच वर्षी दिसलं. २२ मे २०२० ला लॅन्सेट या जर्नलमध्ये कोविडसाठी वापरल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधावर पेपर आला, ६७१ हॉस्पिटलं, ९६,००० च्या आसपास पेशंट, औषधाने मृत्यू वाढतात असा निष्कर्ष, आणि लगेच जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या ट्रायलमधली त्या औषधाची शाखा थांबवली. मग लोकांनी आकडे तपासायला सुरुवात केली, मूळ डेटा दाखवा म्हटलं, तो ज्या खासगी कंपनीकडे होता तिने स्वतंत्र तपासणीला द्यायला नकार दिला, आणि ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. दोन आठवड्यांत वर आणि खाली. रिव्ह्यूअरने न पाहिलेले प्रीप्रिंट धोकादायक म्हणून सगळे ओरडत होते आणि फसला तो रिव्ह्यू झालेला, सगळ्यात नावाजलेल्या जर्नलमधला.

या सगळ्या गोंधळात मला सगळ्यात जास्त शिकवून गेली ती कोविडवर कुठलं औषध चालतं ते तपासणारी ब्रिटनची रिकव्हरी ट्रायल. १९ मार्च २०२० ला पहिला पेशंट घेतला, प्रोटोकॉलचा पहिला मसुदा लिहून तेव्हा जेमतेम नऊ दिवस झाले होते. १६ जूनला निकाल. डेक्सामेथासोन, जुनं, स्वस्त, कुठेही मिळणारं स्टेरॉइड, रोज ६ मिलिग्रॅम जास्तीत जास्त दहा दिवस, आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने, ऑक्सिजन न लागणाऱ्यांना काही फायदा नाही. २,१०४ जणांना औषध, ४,३२१ जणांना नेहमीचे उपचार. कसं जमलं? तर त्यांनी ट्रायलमधून जे जे काढून टाकता येईल ते सगळं काढून टाकलं. जास्तीच्या व्हिजिट नाहीत, जास्तीचं रक्त नाही, भरायचे फॉर्म अगदी थोडे, आणि पेशंट २८ दिवसांनी जिवंत आहे का हे देशाच्या आरोग्य रेकॉर्डमधूनच कळणार. वॉर्डात दमून गेलेल्या डॉक्टरला करायला काही मिनिटांचं काम. त्याच वेळी जगात ठिकठिकाणी वीस पेशंट, तीस पेशंट अशा शेकडो छोट्या ट्रायल चालू होत्या, प्रत्येकाची संमती घेतलेली, प्रत्येकाला धोका पत्करायला लावलेला, आणि त्यातून कळलं काय तर बहुतेकदा काहीच नाही.

जुन्या ट्रायल चालू ठेवण्यासाठी जे बदल झाले ते मात्र शांतपणे टिकतील असं दिसतंय. औषध कुरिअरने घरी, फॉलोअप फोनवर, बीपी घरच्या मशीनवर, संमती व्हिडिओ कॉलवर साक्षीदार ठेवून. कॅन्सरच्या पेशंटला तीन तास प्रवास करायला लावून आपण त्याला कसं वाटतंय एवढंच विचारत होतो हे तेव्हा आमच्याही लक्षात आलं. संशोधनाला परवानगी देणाऱ्या आमच्या एथिक्स कमिटीत यावरून बरीच खडाजंगी झाली, एक सर म्हणाले फोनवर घेतलेली संमती म्हणजे संमतीच नाही, पेशंट मागे कुणाच्या दबावाखाली हो म्हणतोय ते दिसत नाही. मुद्दा बिनतोड आहे. पण वॉर्डात पांढरे कोट घातलेले चौघे भोवती उभे असताना पेशंट ज्या संमतीवर सही करतो ती तरी कितपत मोकळी असते? शेवटी ठरलं की पहिली संमती समोरासमोर, पुढचं फोनवर, आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला केवळ तेवढ्यावरून अभ्यासातून वगळायचं नाही, त्याच्यासाठी वेगळी सोय प्रोटोकॉलमध्येच लिहायची. शेवटचा मुद्दा मंजूर करून घ्यायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ज्यांच्याकडे फोन नाही ते म्हातारे आणि गरीब, म्हणजे नेमके जे सगळ्यात जास्त आजारी पडतात, ते डेटातून गळले तरी टेबल छान भरलेलं दिसतं.

पुढच्या टर्मसाठी मी टाइमटेबलचा एक मसुदा दिलाय. त्यात निम्मी लेक्चर रेकॉर्डेड आहेत आणि वाचलेले सगळे तास बेडसाइडला, लहान गटात, एका पेशंटपाशी तिघांपेक्षा जास्त मुलं नाहीत. फोनवरची तपासणी वेगळं पोस्टिंग म्हणून घातली आहे आणि ऑस्कीत संवादाची स्टेशन ऑनलाइन, हाताची सगळी प्रत्यक्ष. हेड सरांनी वाचला, आयडिया चांगली आहे म्हणाले, आणि त्यांची एकच शंका होती की रेकॉर्डेड लेक्चरची अटेंडन्स कशी लावायची.